गढूळ नदीत सॅल्मन कसे मोजायचे: सोनार केंद्राच्या पहिल्या हंगामासाठी

पहिल्या पावसाबरोबर ओढ्या-वहाळांतून वर सरकणारे मासे कोकणात सगळ्यांना ठाऊक असतात. चढणीचे मासे. अलास्का, ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियातल्या नद्यांत सॅल्मन चढतात तीही चढणच, फक्त समुद्रातून निघालेली, आणि युकॉनसारख्या नदीत सुमारे ३,००० किलोमीटर चालणारी. किती मासे वर पोहोचले या एका आकड्यावर तिथे बरंच काही ठरतं: मासेमारी कधी उघडायची, कधी बंद करायची, काठावरच्या गावांनी हिवाळ्यासाठी किती मासे सुकवायचे. १ एप्रिल २०२४ रोजी अलास्का आणि कॅनडा यांनी युकॉनमधल्या कॅनडाकडच्या चिनूक सॅल्मनची मासेमारी सात वर्षं थांबवण्याचा करार केला. सीमेपलीकडे ७१,००० चिनूक पोहोचावेत हे त्यातलं लक्ष्य. ते पोहोचले की नाही हे सीमेजवळच्या ईगल गावाशी पाण्यात ठेवलेलं सोनार सांगतं. सोनार म्हणजे पाण्यात आवाजाचा झोत सोडून परतलेल्या प्रतिध्वनीवरून मासे टिपणारं यंत्र.

हा लेख अशा केंद्रावर पहिल्यांदा हंगामी तंत्रज्ञ किंवा विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यांसाठी, आणि एखाद्या लहान नदीवर स्वतः केंद्र उभारू पाहणाऱ्यांसाठी आहे. एक खुलासा आधीच: मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून मिळणारा रावस वेगळ्या कुळातला मासा आहे. इथे बोलतोय ते चिनूक, सॉकाय, कोहो, चम, पिंक आणि त्यांचा भाऊबंद स्टीलहेड यांच्याबद्दल.

## १. आधी ठरवा: सोनार खरंच हवं का?

पाणी स्वच्छ आणि नदी फार रुंद नसेल तर सोनार लावू नका. अलास्कातल्या ब्रिस्टल बेच्या वूड आणि क्विचॅक नद्यांवर माणसं काठावरच्या मचाणावर उभी राहून दर तासाला ठरावीक मिनिटं डोळ्यांनी मासे मोजतात. स्वस्त, भरवशाचं, आणि मासा कोणत्या जातीचा हेही दिसतं. लहान ओढ्याला आडवं जाळीदार कुंपण घालून एका दारातून मासे सोडता येतात; तिथे मासा हातात येतो, लांबी, लिंग, खवले सगळं मिळतं.

सोनार लागतं ते जिथे यातलं काहीच चालत नाही तिथे: हिमनदीच्या गाळाने दुधाळ झालेल्या केनाई आणि कॉपर नद्या, किंवा पायलट स्टेशन गावाजवळची युकॉन, जिथे पात्र किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. एल्व्हा आणि क्लॅमथ नद्यांवरची धरणं काढल्यावर मासे परत येतात का हे पाहायलाही सोनार वापरलं, कारण मोकळ्या झालेल्या गाळात आणि पुराच्या पाण्यात कुंपण टिकत नाही आणि दिसतही काही नाही.

सोनार मासा दाखवतं, त्याची दिशा दाखवतं, लांबीचा अंदाज देतं. जात सांगत नाही. तुमच्या नदीत एकाच आठवड्यात सारख्या आकाराच्या दोन जाती चढत असतील, तर जात ठरवण्याची सोय वेगळी करावी लागेल (पायरी ८). तिचा खर्च धरलेला नसेल तर प्रकल्प अर्धाच आहे.

## २. जागा निवडा, मग यंत्र

बहुतेक फसलेली केंद्रं इथेच फसलेली असतात. यंत्र आधी विकत घेतलं जातं, मग त्याला बसेल अशी जागा शोधली जाते. क्रम उलटा हवा.

चांगल्या जागेची लक्षणं:

- नदी एकाच पात्रातून वाहते. बेटाच्या मागून दुसरा फाटा जात असेल तर त्यातून गेलेले मासे तुमच्यासाठी नाहीतच.
- तळाचा उतार काठापासून एकसारखा खाली जातो. मध्ये उंचवटा, खड्डा किंवा मोठे दगड नाहीत. बारीक गोटे, वाळू किंवा घट्ट गाळ चालतो.
- प्रवाह सलग आणि मध्यम वेगाचा. भोवरे आणि उलटी धार नको. तिथे मासे विसावतात आणि झोतात पुन्हा पुन्हा येत-जात राहतात.
- भरती-ओहोटीच्या टापूच्या वर. भरतीच्या पाण्यात मासे मागे-पुढे करतात आणि पातळी दिवसातून चारदा बदलते. केनाई नदीवर चिनूक मोजायचं केंद्र मुखापासून ८.६ मैलावरून १३.७ मैलावर नेण्यामागे हे मोठं कारण होतं.
- अंडी घालायच्या जागांच्या खाली. विणीच्या जागेवर सोनार ठेवलंत तर एकच मादी दिवसभरात पन्नास वेळा मोजाल.

तपासायचं कसं? होडीला खोली मोजणारं साधं डेप्थ-साउंडर आणि जीपीएस लावा. काठापासून काठापर्यंत, दर ५ ते १० मीटरवर एक अशा आडव्या रेषा घ्या, वर-खाली मिळून शंभरेक मीटरचा पट्टा. प्रत्येक रेषेचा छेद कागदावर काढा. काठापासून ३० मीटरवर खोली ३ मीटर असेल तर उतार साधारण ५.७ अंश येतो. ती रेषा पट्टी ठेवून काढल्यासारखी दिसली पाहिजे. हे काम पाणी कमी असताना करा आणि शक्य तर पाणी जास्त असताना पुन्हा करा. जूनमध्ये उत्तम वाटलेली जागा बर्फ वितळल्यावर जुलैत निरुपयोगी ठरू शकते.

## ३. कोणतं सोनार, किती पल्ला

आज बहुतेक ठिकाणी प्रतिमा-सोनार वापरतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत घडलेलं डिडसन, आणि त्याच्यानंतरचं एरिस. हे अनेक अरुंद झोत पंख्यासारखे पसरवून वरून बघितल्यासारखं चलचित्र बनवतं. कंपनता (फ्रिक्वेन्सी) वाढवली की चित्र स्वच्छ होतं आणि पल्ला घटतो. ढोबळ मानाने:

- एरिस ३०००: बारीक तपशील ५ मीटरपर्यंत, नुसती चाहूल १५ मीटरपर्यंत. अरुंद ओढ्यांसाठी.
- एरिस १८००: तपशील १५ मीटरपर्यंत, चाहूल ३५ मीटरपर्यंत. मध्यम नद्यांसाठी सर्वाधिक उपयोगी.
- एरिस १२००: तपशील २५ मीटरपर्यंत, चाहूल ८० मीटरपर्यंत. रुंद नद्यांसाठी.

याहून लांब पोहोचायचं असेल तर स्प्लिट-बीम सोनार लागतं. त्यात मासा चित्रासारखा दिसत नाही, प्रतिध्वनीची खूण म्हणून दिसतो, पण १२० किलोहर्ट्झवर पल्ला कितीतरी वाढतो.

पल्ला ठरवताना जाहिरातीतला आकडा बघू नका, हा हिशेब करा. एरिस १८०० मध्ये ९६ झोत २८ अंशांत वाटलेले असतात, म्हणजे एका झोताच्या वाट्याला साधारण ०.३ अंश. १० मीटरवर ते सुमारे ५ सेंटिमीटर होतात, २० मीटरवर १०. ६० सेंटिमीटरचा सॉकाय १० मीटरवर बारा ठिपक्यांचा दिसेल, २० मीटरवर सहा. सहा ठिपक्यांवरून मासा गेला हे कळतं, लांबी विश्वासाने कळत नाही. लांबी मोजायची असेल तर पल्ला आखूड ठेवा. नुसती संख्या हवी असेल तर वाढवायला हरकत नाही.

चलचित्राच्या चौकटींचा (फ्रेम्सचा) वेगही पल्ल्यावर अवलंबून असतो. गोड्या पाण्यात १० अंश सेल्सियसला आवाज सेकंदाला सुमारे १,४४७ मीटर जातो. २० मीटर जाऊन परत यायला जवळपास २८ मिलिसेकंद लागतात, आणि एक चित्र पुरं व्हायला अशा अनेक फेऱ्या लागतात. डिडसनच्या वरच्या कंपनतेला आठ. म्हणून २० मीटरला सेकंदाला चारेक चौकटींच्या वर जाणं शक्यच नसतं.

## ४. परवानग्या आणि सामान

परवानग्या हंगामाच्या किमान सहा महिने आधी सुरू करा. अलास्कात सॅल्मनच्या नदीत खांब रोवायलासुद्धा मत्स्य व शिकार विभागाची अधिवास परवानगी लागते. नौकानयनाच्या पाण्यात बांधकाम असेल तर अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाकडे विचारावं लागतं. कॅनडात संघराज्याचा मत्स्य व महासागर विभाग. या सगळ्यांच्या आधी जमिनीच्या मालकाची आणि तिथल्या मूळनिवासी राष्ट्राची संमती घ्या. ही नदी त्यांच्या जेवणाची आहे. कुंपण कुठे घालू नये हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं. भारतातून येणाऱ्यांनी बिनपगारी फील्डवर्कलाही आपला व्हिसा चालतो का, हे विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी घ्यावं.

सामान:

- सोनार, केबल, नियंत्रण पेटी. झोत वळवायला आणि झुकवायला रोटेटर
- अॅल्युमिनियमच्या नळ्यांची बैठक, उंची बदलता येणारी, आणि वाळूच्या पिशव्या
- गाळापासून लेन्स वाचवणारं कव्हर
- कुंपणाच्या जाळ्या किंवा नळ्यांच्या चौकटी, तिपाया, तारा
- दोन लॅपटॉप (एक चालू, एक राखीव) आणि किमान तीन हार्ड डिस्क
- बॅटऱ्या, सौर पट्ट्या, जनरेटर
- पाण्याची पातळी वाचायची पट्टी, तापमापक
- चाचणीचं लक्ष्य: खडे भरलेली एक लिटरची प्लॅस्टिक बाटली आणि दोर
- प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट, वेडर (पाण्यात उतरायचा छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख) आणि त्याला कमरेचा पट्टा. अलास्कात अस्वलांसाठी विजेचं कुंपण

विजेचा हिशेब कागदावर करा. सोनार, रोटेटर, लॅपटॉप, राउटर मिळून १०० वॉट धरले तर दिवसाला २.४ किलोवॉट-तास लागतात. १२ व्होल्टवर हे २०० अँपिअर-तास. शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून एका दिवसाच्या राखीवेला ४०० अँपिअर-तास हवेत. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो म्हणून नुसत्या सौर पट्ट्यांवर विसंबू नका. वणव्याच्या धुराने किंवा आठवडाभराच्या ढगाळ हवेने त्या ढेपाळतात.

साठवणीचाही हिशेब. ९६ झोत, प्रत्येकात ५१२ नमुने, नमुन्याला एक बाइट, सेकंदाला ८ चौकटी: दिवसाला सुमारे ३४ जीबी. दोन काठ असतील तर दुप्पट.

## ५. कुंपण आणि बैठक

सोनार काठाजवळ ठेवतात, नदीच्या मध्याकडे तोंड करून, प्रवाहाला काटकोनात. वर चढणारा मासा झोत आडवा ओलांडतो आणि त्याची पूर्ण बाजू दिसते. तोंड तिरकं झालं तर मासा आखूड दिसतो.

सॅल्मन बहुधा काठाच्या आणि तळाच्या आधाराने चढतात, कारण तिथे धार कमी असते. मग तुमच्या यंत्राच्या आणि काठाच्या मधून ते सहज निसटतात. त्यासाठी कुंपण. ते प्रवाहाच्या दिशेने सोनारच्या खालच्या अंगाला, साधारण एक मीटरवर असतं, म्हणजे वर येणारा मासा आधी कुंपणाला अडतो, वळसा घालून आत जातो आणि मग झोतातून जातो. नवखे लोक ते वरच्या अंगाला लावतात. तिथे त्याचा काहीच उपयोग नाही.

किती लांब? लेन्सच्या पुढे किमान २ ते ३ मीटर. याचं कारण झोताच्या उंचीत आहे. उभा कोन १४ अंश असेल तर झोताची उंची २ मीटरवर फक्त ४९ सेंटिमीटर असते, ३ मीटरवर ७४ सेंटिमीटर, ५ मीटरवर १.२३ मीटर. लेन्ससमोरच्या पहिल्या दोन मीटरमध्ये पाणी मीटरभर खोल असेल तर अर्धे मासे झोताच्या वरून जातील आणि तुम्हाला कळणारही नाही. शिवाय जवळून गेलेला मासा दिसतोही क्षणभर: २ मीटरवर दृश्याची रुंदी जेमतेम एक मीटर, १० मीटरवर पाच. कुंपणाच्या दोन नळ्यांमधली फट ४ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. सॅल्मन अडतात, लहान मासे आणि काडीकचरा जातो. जेवढा कचरा अडेल तेवढं पाण्याचं ओझं वाढतं. पुरात न साफ केलेलं कुंपण रातोरात आडवं होतं.

लेन्स तळापासून १० ते १५ सेंटिमीटर वर, आणि वर किमान हातभर पाणी. यंत्र पाण्यात घालताना हळूहळू घाला आणि तोंड जरा वर करून हलवा. लेन्सच्या पोकळीत नदीचंच पाणी भरतं. आत हवेचा बुडबुडा अडकला तर चित्रात काळी पट्टी दिसते आणि लोक केबल तपासत बसतात. यंत्र पाण्याबाहेर चालू ठेवू नका, तापतं.

## ६. झोत तळावर टेकवणं

घाई करू नका. यावर एक पूर्ण दिवस खर्च झाला तरी तो वाया गेला असं समजू नका. संपूर्ण हंगामाचा आकडा या एका दिवसावर उभा असतो, आणि इथे झालेली चूक नंतर कोणत्याही गणिताने भरून निघत नाही, कारण जे मासे झोताखालून गेले त्यांची कुठेच खूण उरत नाही.

पद्धत अशी:

१. आधी रोल, म्हणजे यंत्राचा डाव्या-उजव्या बाजूचा कल, शून्याच्या जवळ आणा. काठ कललेला असला तरी यंत्र कललेलं नको.
२. झुकाव शून्यावरून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या अंशाने खाली न्या. सुरुवातीला चित्र बरंचसं काळं असेल, मग तळ दिसू लागेल. उतारानुसार तोंड क्षितिजाखाली २ ते ६ अंश येणं नेहमीचं आहे.
३. हवं ते चित्र: गोटे-वाळूचा पोत संपूर्ण पल्ल्यात, सगळीकडे साधारण सारखा, फिकट. जवळ तळ दिसतो पण पुढे काळोख असेल तर झुकाव चुकलाय. एका ठिकाणी लख्ख पांढरी रेघ आणि तिच्यामागे काहीच नसेल तर मध्ये उंचवटा आहे आणि त्यामागे सावली पडलीय. तिथे झुकाव बदलून भागत नाही; बैठक काही मीटर वर-खाली सरकवा.
४. आता बाटली. होडीतून दोर सोडून खडे भरलेली बाटली तळावर टेकवा आणि कुंपणाच्या टोकापासून पल्ल्याच्या शेवटापर्यंत दर दोन मीटरवर ठेवत जा. पडद्यासमोर बसलेल्याने प्रत्येक ठिकाणी ‘दिसली’ किंवा ‘नाही’ एवढंच वहीत लिहावं. सलग दोन ठिकाणी नाही दिसली तर झुकाव बदलून सगळं पुन्हा.
५. बाटली तळापासून अर्धा मीटर वर धरूनही एक फेरी करा. झोताची वरची कड कुठे आहे ते कळतं.
६. दिशा, झुकाव, रोल, पाण्याची पातळी आणि वेळ लिहून ठेवा. पडद्याचं छायाचित्रही.

उथळ आणि कमी उताराच्या पात्रात १४ अंशांचा झोत एकाच वेळी तळाला आणि पृष्ठभागाला लागतो. लाटांचे प्रतिध्वनी चित्रभर नाचतात. तिथे उभा कोन ८ अंशांवर आणणारी जोड-लेन्स लावा.

पाणी वीतभर चढलं किंवा उतरलं, यंत्र हललं, कुंपण वाढवलं, की बाटलीची चाचणी पुन्हा. कंटाळा येतो म्हणून ही टाळली जाते आणि ऑगस्टमध्ये कोणी विचारतं, १२ जुलैपासून आकडा निम्मा का झाला.

दोन्ही काठांवर सोनार असतील तर ती समोरासमोर ठेवू नका. एकाचा आवाज दुसऱ्याच्या चित्रात रेघा ओढतो. एक थोडं वर, एक थोडं खाली ठेवा, किंवा कंपनता वेगळ्या घ्या.

## ७. रेकॉर्डिंग आणि नमुना

रेकॉर्डिंग चोवीस तास, मोजणी तासातली ठरावीक मिनिटं. अनेक केंद्रांवर दर तासाची १० मिनिटं मोजून सहाने गुणतात. मासे झुंडीने येतात म्हणून सहाने गुणणं धोक्याचं वाटतं, पण दिवसभरात २४ नमुने सारख्या अंतराने घेतले तर अंदाज चांगला येतो.

उदाहरण घ्या. दिवसाच्या २४ नमुन्यांत २०० मासे वर गेले, २० खाली आले. निव्वळ १८०, गुणिले ६, म्हणजे १,०८०. आता अनिश्चितता: लागोपाठच्या दोन नमुन्यांतला फरक घ्या, वर्ग करा, अशा २३ वर्गांची बेरीज करा. दिवसाच्या १४४ दहा-मिनिटी तुकड्यांपैकी २४ घेतल्यामुळे ही बेरीज ७२० ने गुणून ४६ ने भागायची. बेरीज २०० आली तर विचरण (व्हेरियन्स) सुमारे ३,१३०, त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण त्रुटी ५६. आकडा १,०८०, अधिक-उणे ११० (त्रुटीच्या साधारण दुप्पट). हे अधिक-उणे न लिहिता आकडा कोणालाही पाठवू नका.

संगणकाचं घड्याळ पहिल्याच दिवशी लावा आणि एकच वेळ ठरवा. अलास्कात उन्हाळ्यात स्थानिक वेळ जागतिक वेळेच्या ८ तास मागे असते. एक लॅपटॉप जागतिक वेळेवर, दुसरा स्थानिक वेळेवर असला की रात्रीचे मासे दिवसात जातात आणि दोन काठांची बेरीज चुकीच्या तारखांना होते.

## ८. मोजणी, लांबी आणि जात

मोजताना दोन खिडक्या उघड्या ठेवा: चलचित्र आणि इकोग्राम. इकोग्राममध्ये आडवा अक्ष वेळेचा, उभा अंतराचा; प्रत्येक मासा एक छोटा फराटा उमटवतो. फराट्यावर टिचकी मारा, चलचित्रात दिशा पाहा, वर किंवा खाली नोंदवा. रिकाम्या चौकटी वगळणारी सोय वेळ वाचवते, पण तिचा उंबरठा जास्त ठेवला तर लांबचे फिके मासे गळतात.

पार्श्वभूमी वजा करण्याचं बटण दाबल्यावर तळ नाहीसा होतो आणि हलणारे मासे उठून दिसतात. त्याचबरोबर जागच्या जागी थांबलेला मासाही नाहीसा होतो. दर फाइलच्या सुरुवातीला एकदा बटण काढून मूळ चित्र पाहा.

चुकवणारी इतर मंडळी: वाहत येणारी फांदी धारेच्या वेगाने, न वळवळता जाते, मासा शेपटी हलवतो. सील, बीव्हर, पाणमांजर आकाराने आणि चालीने ओळखू येतात. होडी गेल्यावर हवेच्या बुडबुड्यांनी मिनिटभर चित्र पांढरं होतं. ती मिनिटं ‘शून्य मासे’ नाहीत, ‘दिसत नाही’ आहेत. मेलेले मासे खाली वाहतात, ते वजा करायचे नाहीत. चढण जोरात असताना, तासाला हजारो सॉकाय जात असतील तेव्हा, पुढचा मासा मागच्याला झाकतो आणि मोजणी कमी पडते. अशा वेळी पल्ल्याचे दोन तुकडे करून प्रत्येकाला वेगळी दहा मिनिटं द्या.

दोघांनी एकच फाइल स्वतंत्रपणे मोजायची, दहापैकी एक तरी. फरक वाढत असेल तर बसून ती फाइल एकत्र बघा. बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर मतभेद असतो: झोताच्या कडेला वळून परत गेलेला मासा मोजायचा का? हा नियम पहिल्या दिवशी लिहून भिंतीवर लावा: जो झोत पूर्ण ओलांडतो तोच मोजायचा.

लांबी मोजताना मासा पूर्ण बाजू दाखवत असेल ती चौकट निवडा, नाकापासून शेपटीपर्यंत वाकानुसार रेघ ओढा, आणि दोन-तीन चौकटींत तेच करा. प्रतिमेत नाक आणि शेपटी दोन्ही पसरट होतात, त्यामुळे सोनारवरची लांबी आणि मोजपट्टीवरची लांबी सारखी नसते. केनाईवर दोरीला बांधलेले, लांबी ठाऊक असलेले मासे झोतात सोडून हा फरक तपासला गेला. तुमच्या केंद्रावर निदान एवढी चाचणी हवीच.

जात ठरवण्याचे तीन मार्ग रूढ आहेत. पहिला, आकार: केनाईच्या १३.७ मैलावर डोळ्याच्या मध्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत ७५ सेंटिमीटर आणि त्याहून मोठे मासे ‘मोठे चिनूक’ धरतात, कारण त्याच वेळी चढणारे सॉकाय क्वचितच एवढे वाढतात. लहान चिनूक यात सुटतात, आणि ते सुटतात हे अहवालात स्पष्ट लिहिलं जातं. दुसरा, वेळ: ईगलला आधी चिनूक येतात, मग शरदातले चम, मधले काही दिवस सोडले तर वाटणी सोपी. तिसरा, जाळं: पायलट स्टेशनवर २.७५ ते ८.५ इंच आसाची (जाळ्याच्या घराच्या मापाची) वेगवेगळी जाळी रोज वाहती सोडतात आणि सापडलेल्या माशांच्या प्रमाणात सोनारचा आकडा जातींमध्ये वाटतात. एकाच आसाचं जाळं लावलंत तर त्या आसाला बसणारा मासाच जास्त दिसेल.

आपोआप मोजणारी संगणक प्रारूपं आता हाताशी आहेत. केनाई, एल्व्हा आणि नुशागॅक नद्यांच्या सोनार चित्रफितींवर आधारलेला मोठा खुला संच २०२२ मध्ये कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. पण एका नदीवर शिकलेलं प्रारूप दुसऱ्या नदीच्या तळावर अडखळतं. पहिल्या हंगामात त्याचा वापर मासे शोधून द्यायला करा, अंतिम मोजणी माणसाने करा.

## ९. आकडा तपासायची एक सोपी खूण

दर आठवड्याला माशांचं अंतरानुसार स्तंभचित्र काढा. कुंपणाच्या टोकाजवळ उंच आणि पुढे उतरत जाऊन पल्ल्याच्या शेवटच्या चतुर्थांशात जवळपास शून्य, असं असेल तर नदी तुम्ही पुरती पाहताय. शेवटच्या मीटरपर्यंत स्तंभ तेवढेच उंच राहत असतील तर मासे पल्ल्याबाहेरूनही जाताहेत. लांब पल्ल्याचा दुसरा तुकडा जोडा किंवा पलीकडच्या काठावर दुसरं यंत्र लावा. आणि अगदी पहिल्या स्तंभातच गर्दी असेल तर कुंपण आखूड पडतंय.

## १०. बुडालेले तास

वीज जाईल, डिस्क भरेल, केबल कुरतडली जाईल. एखादा तास गेला तर आधीच्या आणि नंतरच्या तासाची सरासरी घ्या. अर्धा दिवस गेला तर त्याच तासांची आदल्या आणि दुसऱ्या दिवसाची सरासरी. एक काठ बंद आणि दुसरा चालू असेल तर अलीकडच्या दिवसांतलं दोन काठांचं प्रमाण वापरा. भरलेला प्रत्येक आकडा वेगळ्या रकान्यात, वेगळ्या रंगात. मोजलेला आणि भरलेला आकडा एकाच रकान्यात मिसळला तर पुढच्या वर्षी कोणालाच तो सोडवता येत नाही.

## ११. रोजचं आणि शेवटचं

सकाळी: पातळी, तापमान, झुकाव, लेन्ससमोरचा कचरा. गाळाच्या नदीत लेन्सच्या पोकळीत गाळ बसून चित्र दिवसेंदिवस फिकं होतं, आणि ते इतकं हळू होतं की लक्षात येत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचं चित्र छापून पडद्याशेजारी लावा आणि तुलना करा. आठवड्यातून एकदा यंत्र उचलून स्वच्छ पाण्याने लेन्स धुवा. घासू नका, ओरखडे कायमचे राहतात. संध्याकाळी डिस्कची प्रत करा आणि ती दुसऱ्या तंबूत ठेवा. पाण्यात उतरताना एकट्याने उतरायचं नाही, काठावर दुसरा माणूस हवाच.

हंगाम संपल्यावर कुंपण आधी काढा, यंत्र शेवटी, म्हणजे उशिरा येणारे मासेही दिसतात. जोडण्या गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, ओ-रिंगवर ग्रीस लावा. मोठ्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला वेगळे नियम आहेत, त्याची नोंदणी दोन आठवडे आधी. फाइलींसोबत एक साधी मजकूर-फाइल ठेवा: कोणत्या तारखेला यंत्र कुठे होतं, तोंड किती अंशांवर, झुकाव किती, पातळी किती, कोणी मोजलं, कोणत्या नियमाने. मूळ चित्रफिती पुसू नका.